नोंद नसलेला ताल : कर्नल विनावापर क्लॉक कसे बंद करू लागले?

(१) परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात बोरी हे गाव आहे. त्याच तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण उभे आहे. कालवा, वितरिका, चारी हे शब्द या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. ज्या चारीवर पाण्याची मागणी नाही तिचे दार बंद ठेवावे, हा तेथील साधा हिशेब. बोरीतल्या माणसाच्या खिशातील फोनमध्येही नेमका हाच हिशेब चालतो. तो तेथवर कसा पोहोचला आणि कोठे चुकला, याचा हा इतिहास.

(२) फोनच्या चिपमध्ये पडदा, कॅमेरा, ध्वनी, साठवण असे अनेक विभाग असतात. प्रत्येक विभाग एका तालावर चालतो. सेकंदाला लाखो-कोट्यवधी वेळा वर-खाली होणाऱ्या या विद्युत-संकेताला ‘क्लॉक’ म्हणतात. वेळ दाखवणाऱ्या घड्याळाशी त्याची गल्लत करू नये.

(३) १९६३ साली फेअरचाइल्ड कंपनीत फ्रँक वॉनलास यांनी सीमॉस ही रचना मांडली. तिचा गुण असा, की स्थिर असताना ती जवळजवळ वीज घेत नाही. प्रत्येक बदलाला मात्र ऊर्जा लागते. हा खर्च धारकता, व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतो. म्हणजेच विभागाला काम नसले, तरी ताल सुरू असेल तोवर खर्चही सुरूच राहतो.

(४) हा खर्च किरकोळ नव्हता. १९९२ सालचा डीईसी कंपनीचा अल्फा २१०६४ हा प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झवर सुमारे ३० वॉट घेत असे. त्यातील सुमारे ४० टक्के वाटा केवळ क्लॉक चिपभर पोहोचवण्यात जाई. टेबलावरच्या यंत्राला हे परवडले. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला परवडणारे नव्हते. म्हणून चिपच्या रचनाकारांनी प्रत्येक विभागाच्या तोंडाशी फाटक बसवले. फाटक मिटले, की ताल थांबतो.

(५) फाटक बसवणे हे चिपचे काम. ते केव्हा मिटावे हे मात्र सॉफ्टवेअरलाच ठाऊक. कॅमेरा कोणी उघडला आहे की नाही, हे कर्नल आणि त्याचे ड्रायव्हर जाणतात. २००४ च्या सुमारास रसेल किंग यांनी लिनक्सच्या एआरएम शाखेसाठी एक सामाईक पद्धत घालून दिली : ड्रायव्हरने आपले क्लॉक मागावे, वापरापूर्वी सुरू करावे आणि काम संपताच सोडावे. मागणाऱ्यांची संख्या मोजली जाई. ती शून्यावर आली, की फाटक मिटे.

(६) क्लॉकची मांडणी कालव्यांसारखीच असते. वर मूळ स्पंदक, त्याखाली वारंवारता वाढवणारी व विभागणारी मंडले, आणि शेवटी विभागांची फाटके. चारीला पाणी हवे, तर वितरिका आणि कालवाही वाहता हवा. तसेच खालचे क्लॉक सुरू ठेवायचे, तर वरची सारी साखळी जागी ठेवावी लागते.

(७) २००५ साली नोकियाने लिनक्सवर चालणारे ७७० हे हाती धरण्याजोगे यंत्र आणले. त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप चिप होती. या ओमॅप घराण्यासाठीच्या कर्नलमध्ये, सुरू होतानाच विनावापर क्लॉक बंद करण्याचा एक पर्याय असे. त्याच्या माहितीतच इशारा होता : सर्व ड्रायव्हर रीतसर क्लॉक मागतात, असे येथे गृहीत धरले आहे, जे मागत नाहीत, ते कदाचित चालणार नाहीत.

(८) पुढे अडचण वाढली ती निराळ्या कारणाने. मागण्याची पद्धत एक असली, तरी तिच्यामागची यंत्रणा प्रत्येक चिपनिर्माता स्वतंत्र लिहीत होता. २०११ साली एआरएम शाखेतील या पसाऱ्याविषयी लिनस टोर्वाल्ड्स यांनी उघड संताप व्यक्त केला. जेरेमी केर यांनी आधीच आरंभलेले एकीकरणाचे काम माइक टर्केट यांनी तडीस नेले. मे २०१२ मध्ये आलेल्या लिनक्स ३.४ मध्ये ‘कॉमन क्लॉक फ्रेमवर्क’ सामील झाले.

(९) या चौकटीने विनावापर क्लॉक बंद करणे हा सर्वांचा सामाईक नियम केला. कर्नल सुरू होण्याच्या अखेरच्या टप्प्यावर ती सारे झाड तपासते. जे क्लॉक प्रत्यक्षात सुरू आहे, पण ज्याची मागणी शून्य आहे, ते ती बंद करते. आधी खालची, मग वरची.

(१०) येथेच खरा पेच उभा राहिला. कर्नलच्या आधी चालणारा बूटलोडर पडद्यावर चिन्ह उमटवण्यासाठी काही क्लॉक सुरू करून ठेवतो. पडद्याचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून मागाहून येणार असेल, तर तो येण्यापूर्वीच त्याचे क्लॉक कापले जाते. मग पडदा काळा पडतो. कधी संपूर्ण यंत्र जागीच गोठते. महाराष्ट्रातील शेतकरी कालव्याच्या पाण्यासाठी नमुना ७ चा अर्ज भरतो. अर्ज पोहोचला नाही, म्हणून शेतात पीक नाही, असे कोणी म्हणत नाही. कर्नलजवळ मात्र केवळ अर्जांची वही होती. शेत पाहण्याची सोय नव्हती.

(११) उपाय टप्प्याटप्प्याने आले. ही तपासणी टाळण्यासाठी बूटच्या वेळी द्यावयाचा पर्याय ठेवला गेला. पण त्याने वीजबचतच हातची जाते. २०१४ मध्ये बूटलोडरने लावलेल्या पडद्याची क्लॉक साध्या ड्रायव्हरने धरून ठेवावीत की नाही, यावर दीर्घ वाद झाला आणि अखेर ती मुभा मिळाली. २०१६ मध्ये काही क्लॉकना ‘अत्यावश्यक’ अशी खूण करता येऊ लागली. २०१९ मध्ये गूगलच्या सरवण कन्नन यांची ‘सिंक-स्टेट’ ही कल्पना कर्नलमध्ये आली : ज्यांना एखाद्या साधनाची गरज पडणार, ते सारे ड्रायव्हर हजर झाल्यावरच त्या साधनाला आवराआवरीची सूचना द्यावी. क्लॉकसाठी हीच रीत स्वीकारावी काय, यावर पुढेही वर्षानुवर्षे चर्चा चालू राहिली.

(१२) या इतिहासात फाटक मिटण्याची कला लवकर साधली. ‘विनावापर’ कोणाला म्हणावे, हे ठरवण्यातच वर्षे गेली. नोंद नसणे आणि गरज नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बोरीतला फोन खिशात निजलेला असताना त्यातील बहुतेक ताल थांबलेले असतात, आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते. त्या बचतीचे श्रेय जितके दार लावणाऱ्याचे, तितकेच आपली मागणी वेळेवर वहीत नोंदवणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरचेही आहे.