वनस्पतिज बहुशर्करा आणि अंतर्विष : प्रतिकारक्षमता-संशोधनातील एक जुना पेच

वनस्पतींतील बहुशर्करा (पॉलिसॅकराइड) रोगप्रतिकारशक्ती उद्दीपित करतात, या प्रतिपादनाच्या इतिहासाचे एक मूळ जिवाणूत आहे. १९४३ मध्ये अमेरिकेत मरे शिअर यांनी सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूपासून एक द्रव्य वेगळे केले. ते टोचल्यावर उंदरांतील अर्बुदात रक्तस्राव होई. 'शिअरची बहुशर्करा' हे नाव त्यास मिळाले. परंतु हा प्रभाव शर्करेचा नसून तिला जोडलेल्या मेदघटकाचा आहे, हे वेस्टफाल व ल्युडेरिट्झ यांच्या कार्यातून पुढे स्पष्ट झाले. ते द्रव्य जिवाणूचे अंतर्विष (एंडोटॉक्सिन) होते.

१९६९ मध्ये टोकियोत गोरो चिहारा व सहकाऱ्यांनी शिताके अळिंबीपासून लेंटिनान मिळविले. (अळिंबीचा अभ्यास त्या काळी वनस्पतिशास्त्रातच होई.) १९८५ मध्ये जपानमध्ये त्यास जठराच्या कर्करोगावरील पूरक औषध म्हणून मान्यता मिळाली आणि अशा संशोधनास वेग आला. निष्कर्षणाची रीत सर्वत्र जवळपास सारखीच राहिली : चूर्ण गरम पाण्यात उकळणे, अल्कोहोलने अवक्षेपण, प्रथिनांचे निष्कासन, अपोहन व शेवटी स्तंभ-वर्णलेखन. खरी अडचण या रीतीतच आहे. अंतर्विष उकळल्याने नष्ट होत नाही, अल्कोहोलमध्ये तेही खाली बसते आणि आकाराने मोठे असल्याने अपोहन-पटलातून निसटत नाही. साल-मुळांवरील जिवाणू तर मूळ चूर्णातच असतात.

अंतर्विष ओळखण्यासाठी लेव्हिन व बँग यांनी १९६० च्या दशकात हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींवर आधारित चाचणी विकसित केली. मात्र बीटा-ग्लुकानमुळेही त्या अर्कात गोठण्याची क्रिया घडते, असे जपानी संशोधकांनी १९८१ मध्ये दाखविले. लेंटिनान हे बीटा-ग्लुकानच असल्याने त्याच्या बाबतीत केवळ या चाचणीवर विसंबणे धोक्याचे ठरते.

मुंबईतील गुळवेलीवरील संशोधनास हा पेच विशेष लागू पडतो. १९९९ मध्ये या वेलीतून अरेबिनोगॅलॅक्टन ही बहुशर्करा वेगळी करण्यात आली. ती बी-पेशींचे विभाजन घडविते. उंदरांत अंतर्विषही तेच करते. २००९ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी ही बहुशर्करा टीएलआर-४ या ग्राहीमार्फत कार्य करते असे नोंदवून तिला 'अजिवाणुजन्य' म्हटले. हीच ग्राही अंतर्विषाचीही आहे. त्यामुळे टीएलआर-४ सदोष असलेल्या उंदरांचा परिचित नियंत्रण-प्रयोग येथे निर्णायक ठरू शकत नाही. अंतर्विषाच्या मेदघटकाला बांधून निष्प्रभ करणाऱ्या पॉलिमिक्सिन-बीचा प्रयोग आणि प्रत्येक नमुन्यातील अंतर्विषाचे मापन यांवरच येथे भिस्त राहते.