पत्ता सांगणारी पोरं

१२ फेब्रुवारी २०२३, रविवारची रात्र. ‘बिग बॉस’चा सोळावा सीझन संपत आला होता. स्टेजवर सलमान खान, त्याच्या एका बाजूला अमरावतीचा शिव ठाकरे, दुसऱ्या बाजूला पुण्याच्या ताडीवाला रोडचा अल्ताफ, म्हणजे एमसी स्टॅन. आमच्या घरी टीव्हीसमोर पाच जण. स्टॅन जिंकला आणि माझा चुलतभाऊ पलंगावरच नाचायला लागला. तो पिरंगुटला एका कारखान्यात कामाला आहे, त्या रात्रीसाठी शिफ्ट बदलून आला होता.

वडिलांनी विचारलं, “ह्यो कोन रं?”

“पुण्याचा हाय, काका. आपला हाय.”

“आपला? मराठी हाय का?”

भाऊ गप्प बसला. मी तर इंजिनिअर, घरात सगळ्यात शिकलेला, पण मलाही उत्तर सुचलं नाही. नंतर बरेच दिवस तो प्रश्न डोक्यात राहिला. त्याचं उत्तर मला सापडलं ते मायामीवरून फिरून येताना, त्यामुळे आधी तिकडे जाऊ.

२०११ साली मी शाळेत होतो. त्या वर्षी आणि पुढची दोन-तीन वर्षं आमच्याकडच्या प्रत्येक हळदीच्या डीजेवर एक टकला, गॉगलवाला माणूस वाजायचा. पिटबुल. ‘गिव्ह मी एव्हरीथिंग’ आधी, मग ‘टिंबर’. ही दोन्ही गाणी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेली होती हे आम्हाला कुठलं माहीत! शब्द कळत नव्हते. तो मधेच स्वतःला ‘मिस्टर वर्ल्डवाइड’ म्हणायचा तेवढं कळायचं आणि आम्ही तेवढंच ओरडायचो. मला तो कुणीतरी श्रीमंत गोरा अमेरिकन वाटायचा.

तो आहे आर्मांडो क्रिस्टियन पेरेझ. जन्म १५ जानेवारी १९८१, मायामी. आईवडील क्युबाचे. १९५९मध्ये फिडेल कॅस्ट्रोची क्रांती झाली आणि पुढची कित्येक वर्षं क्युबातून माणसं फ्लोरिडाकडे येत राहिली. मधलं अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे पुणे-मुंबई एवढंच. पण हा रस्ता परतीचा नव्हता. मायामीत ‘लिटल हवाना’ नावाचा भाग उभा राहिला, तिथल्या दुकानांच्या पाट्या स्पॅनिश, शिव्या स्पॅनिश, देवही तिकडूनच आलेले. आर्मांडोच्या वडिलांनी पोराकडून अगदी लहानपणी होझे मार्तीच्या कविता पाठ करून घेतल्या. मार्ती म्हणजे क्युबाचा कवी आणि स्वातंत्र्यसैनिक, १८९५मध्ये स्पेनशी लढताना मारला गेलेला. चार लोकांसमोर उभं राहून यमकं म्हणायची सवय या माणसाला लागली ती तिथे. हा तपशील मला त्याच्या सगळ्या करोडो व्ह्यूजपेक्षा जास्त आवडतो.

बाकी बालपण बरं नव्हतं. आईवडील वेगळे झाले. शाळकरी वयात ड्रग्ज विकल्याचं त्यानंच सांगितलंय. काही काळ तो जॉर्जियात परक्या कुटुंबाकडे राहिला. मग रॅप. त्यानं नाव घेतलं ते पिटबुल कुत्र्याचं, आणि ही जात मायामीच्या डेड काउंटीत १९८९पासून पाळायलाच बंदी होती. आपल्याच जिल्ह्यात बेकायदा असलेलं नाव त्यानं लावून घेतलं. सुरुवातीला तो वर्ल्डवाइड वगैरे नव्हताच. तो ‘मिस्टर ३०५’ होता. ३०५ हा मायामीचा फोनचा कोड, आपल्या पुण्याचा ०२० आहे तसा. २००४च्या पहिल्या अल्बमचं नावच ‘एम.आय.ए.एम.आय.’. २००९मध्ये जगभर गाजलेल्या गाण्याच्या नावात ‘काये ओचो’ आहे, म्हणजे लिटल हवानामधली आठवी गल्ली. जग नाचत होतं आणि तो आपल्या गल्लीचा पत्ता सांगत होता.

पत्ता सांगणं हा रॅपचा धर्मच. आपल्याकडेही तेच झालं. डिव्हाइन ‘५९’ म्हणतो तो अंधेरी पूर्वचा पिनकोड ४०००५९. नेझीचा ‘७०’ म्हणजे कुर्ला. २०१५मध्ये दोघांचं ‘मेरे गली में’ आलं आणि २०१९मध्ये त्याच हवेवर ‘गली बॉय’ हा सिनेमा. ज्या पत्त्यावर कुरियरवाला यायला कुरकुरतो, तोच पत्ता टी-शर्टवर छापून विकायला लागला.

आता ताडीवाला रोड. पुणे स्टेशनलगत, रेल्वे आणि नदीच्या मधली दाट वस्ती. पुण्याचं नाव काढलं की लोकांना जे आठवतं, बाकरवडी, पाट्या, दुपारी एक ते चार, त्यातलं काही इथे लागू होत नाही. अल्ताफचा जन्म १९९९चा, म्हणजे तो माझ्यापेक्षाही लहान. लहानपणी तो कव्वाली गायचा. मग अमेरिकन रॅप कानावर पडलं. ‘स्टॅन’ हा शब्द एमिनेमच्या २०००मधल्या गाण्यावरून इंग्रजीत आला, त्याचा अर्थ कट्टर चाहता. चाहत्याचं नाव लावून हा पोरगा स्वतः गाणारा झाला.

२०१८मध्ये त्याचं ‘वाटा’ आलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, हॉस्टेलवर. रूममेटनं लावलं तेव्हा पहिली प्रतिक्रिया हसण्याची होती. हा आवाज मला माहीत होता. स्टेशनवरचे रिक्षावाले, कॅम्पातली मोबाइल दुरुस्त करणारी पोरं, पीएमटीच्या मागच्या सीटवरची गँग, हे सगळे असेच बोलतात. हिंदीचा सांगाडा, मराठीचं मांस, उर्दूचा मसाला. ही भाषा गाण्यात येऊ शकते हेच मला ठाऊक नव्हतं. २०१९मध्ये ‘अस्तगफिरुल्लाह’ आलं, त्यात त्यानं स्वतःचीच झाडाझडती घेतली. मग ‘खुजा मत’, मुंबईच्या एमीवे बंटायला दिलेलं उत्तर. २०२०मध्ये पहिला अल्बम आणि २०२२मध्ये दुसरा, ‘इन्सान’.

पहिल्या अल्बमच्या नावापाशी थोडं थांबतो. ‘तडीपार’. महाराष्ट्र पोलीस कायद्यातल्या तरतुदीनुसार एखाद्याला जिल्ह्याबाहेर घालवतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. वर्तमानपत्रात रोज कुठेतरी कोपऱ्यात ‘तिघे तडीपार’ असतंच. वस्तीतल्या माणसाला हा शब्द शाळेत शिकवावा लागत नाही. मायामीतल्या पोरानं जिल्ह्यात बंदी असलेल्या कुत्र्याचं नाव घेतलं आणि पुण्यातल्या पोरानं जिल्ह्याबाहेर काढलेल्या माणसाचं. दोघांची गाठ पडलेली नाही, एकानं दुसऱ्याचं काही उचललेलंही नाही. ज्यांना आपल्या गावात आपण पाहुणे असल्यासारखं वागवलं जातं, त्यांना ही नावं सुचत असावीत.

पिटबुलला तर खरोखरच तडीपार करायचा प्रयत्न झाला होता, गंमत म्हणून. २०१२मध्ये वॉलमार्टनं जाहीर केलं की ज्या दुकानाच्या फेसबुक पानाला सर्वात जास्त लाइक मिळतील तिथे पिटबुल येईल. टवाळखोरांनी ठरवून अलास्कातल्या कोडियाक बेटाला मतं दिली, तो जगाच्या टोकाला हाकलला जावा म्हणून. पठ्ठ्या गेला की! तिथल्या लोकांसोबत हसत फोटो काढून आला. मायामीतून हाकलला गेलेल्याचा मुलगा नाही, पण घर सोडून आलेल्यांचा मुलगा होता. ‘हाकललं तर काय, जाऊ’ हे त्याला घरातूनच माहीत असणार.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. मराठी आहे का?

पेशवाईच्या शेवटच्या काळात पुण्यात लावण्यांचे फड गाजत होते. होनाजी बाळाचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याशी फडात सामना करणारा शाहीर होता सगनभाऊ. मूळचा जेजुरीचा, मुसलमान, धंदा शिकलगाराचा, म्हणजे हत्यारांना धार लावायचा. दोन फड समोरासमोर बसायचे, एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा, त्यात एकमेकांचे वाभाडे निघायचे. कलगी-तुऱ्याची ही परंपरा ज्यानं ऐकली त्याला स्टॅन-एमीवेच्या भांडणात नवीन काही वाटणार नाही. पुढे विसाव्या शतकात बार्शीचे अमर शेख आले, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांसोबत १९४४मध्ये लाल बावटा कलापथक काढलं, संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव गळा फोडला. त्यांना कुणी ‘मराठी हाय का’ विचारलं नाही. अर्थात ते मराठीत गात होते. स्टॅन तसा गात नाही, हा फरक मी लपवत नाही. शाहिराला राजाश्रय होता किंवा चळवळ होती, याला यूट्यूब आहे. स्टॅनच्या मागे कुठली चळवळ नाही. सोनसाखळ्या आणि बुटांच्या किमती आहेत, शिव्या आहेत, आणि बायकांबद्दल अशा ओळी आहेत की घरात बहीण असताना मी आवाज बंद करतो. पिटबुलच्या बाबतीतही तेच. दोघांची पाठराखण करायला हा लेख नाही.

पण बिग बॉसच्या घरात एक गोष्ट झाली. तिथे याच्या गटाचं नाव पडलं ‘मंडली’, आणि त्यात ताजिकिस्तानचा अब्दु रोजिकसुद्धा. भांडताना स्टॅनच्या तोंडून ‘शेमडी’ निघायचं. दिल्लीची, लखनौची पोरं मीम करून तो शब्द वापरायला लागली. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझे वडील जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसले. “आरं, ह्यो तर आपल्यावानीच बोलतोय!” हे ते स्वतःच्या प्रश्नाच्या दोन महिने आधी म्हणाले होते. विसरले.

मी मात्र विसरलो नव्हतो, कारण मला स्वतःची लाज आठवली. आम्ही मुळशी तालुक्यातले. हिंजवडीचं आयटी पार्क याच तालुक्यात येतं हे तिथे काम करणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. आमच्या तालुक्याचं नाव आतापर्यंत तीनदा गाजलं. १९२१मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तेव्हा, आयटीसाठी जमिनी गेल्या तेव्हा, आणि २०१८मध्ये प्रवीण तरडेंचा ‘मुळशी पॅटर्न’ आला तेव्हा. तिन्ही वेळा गोष्ट जमीन जाण्याचीच. सिनेमानंतर पोरांनी गाड्यांवर तालुक्याचं नाव रंगवून घेतलं. मी त्याच वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी करत होतो आणि आरशासमोर उभा राहून ‘व्हतं’चं ‘होतं’ करत होतो. कंपनीत ओळख करून देताना ‘पुणे’ म्हणायचो, गावाचं नाव नाही. एकदा घरून काम करताना आईनं दारातून हाक मारली, मी आमच्या भाषेत उत्तर दिलं, आणि माइक चालू होता. मीटिंगमध्ये दोघं-तिघं हसले. चांगले लोक होते, वाईट हेतू नव्हता. पण त्यानंतर मी आधी माइक बघतो आणि मग आईला ओ देतो.

ताडीवाला रोडच्या पोरानं माइक बंद केला नाही. त्याला त्याबद्दल ३१ लाख ८० हजार रुपये आणि एक गाडी मिळाली, पण ते सोडा. मधे कितीदा तरी तो म्हणाला की मला हे जमत नाही, घरी जातो. त्या घरात नीट हिंदी बोलणारे, नीट रडणारे, कॅमेरा कुठे आहे हे जाणणारे बरेच होते. हा पांघरूण घेऊन बसायचा. शेवटी लोकांनी मतं याला दिली.

वडिलांना मी उत्तर दिलं ते असं, की तो कुठला हे त्यानं पहिल्या दिवसापासून सांगितलंय, आपणच कुठले ते सांगत नाही. ते म्हणाले, “तू सांगत नसशील.” खरं होतं.

भावानं आता स्वतःचं गाणं केलंय. बीट यूट्यूबवरून घेतली, रेकॉर्डिंग गोठ्यात, रात्री गुरं शांत झाल्यावर. नाव ‘४१२१०८’, आमच्या पौडचा पिनकोड. शब्द टाइप करून त्यानं मला व्हॉट्सॲपवर पाठवले, शुद्धलेखन बघायला. कंपनीत थकून भागून जमिनीवरच्या टॉवरकडे बघणाऱ्या माणसाचं गाणं आहे, बरंचसं कच्चं, दोन ठिकाणी यमक ओढूनताणून.

खाली विचारलं होतं, “दादा, इथं ‘होतं’ लिहू का ‘व्हतं’?”

मी लिहिलं, “व्हतं.”