मावा कोणी घालवला?

अकोटकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने पऱ्हाटीवरच्या मावा किडीसाठी औषध मारलं. आमच्या वऱ्हाडात किडीच्या विषालाही औषधच म्हणतात. चौथ्या दिवशी तो अकोल्याला माझ्या घरी आला. "सर, औषध जबर हाय. मावा पार साफ!"

मी तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेलं. खोड जाते कुठे? विचारलं, "मधात पाऊस आला होता काय?" आला होता, रात्रभर. जोराच्या पावसाने मावा धुऊन जातो, हे त्यालाही ठाऊक. मग मावा घालवला कोणी? दोघांनाही सांगता येईना, कारण बिनफवाऱ्याचं एकही तास त्याने ठेवलं नव्हतं.

माणसांच्या औषधालाही हाच पेच पडला होता. माझी आजी अमरावतीची. प्लेगच्या गोष्टी तिने तिच्या आईकडून ऐकलेल्या. घरात उंदीर मरून पडले, की गाव सोडायचं आणि वावरात झोपड्या टाकायच्या. टोचणारे आले, की बाया पोरांना लपवत. भीती रोगाची होती, तशी सुईचीही.

मुंबईत प्लेग १८९६ साली आला. वाल्देमार हाफकिन यांनी तिथेच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना टोचलं. त्यांच्यात पुढे प्लेग कमी झाला. पण शंकेखोर विचारणारच : आपणहून पुढे येणारे मुळातच धडधाकट नसतील कशावरून?

या शंकेला त्यातल्या त्यात चांगलं उत्तर फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातल्या उंडेरा गावी मिळालं. तिथे एकेका घरातली साधारण निम्मी माणसं टोचली, निम्मी सोडली. छप्पर एक, चूल एक, उंदीरही तेच. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला, तिथल्या टोचलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले. न टोचलेल्या ६४ पैकी २६.

हे आकडे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. मग पोरांना सांगायचो, "आता असं धरा, की लस पाण्यासारखी आहे, काही कामाची नाही." यालाच आम्ही शून्य परिकल्पना म्हणतो. तसं असेल तर १३५ माणसांतले २९ मृत्यू दोन्ही गटांत माणसांच्या प्रमाणात वाटले जायला हवेत : टोचलेल्यांत सुमारे १५, न टोचलेल्यांत सुमारे १४. प्रत्यक्षात ३ आणि २६. इतका फरक निव्वळ योगायोगाने पडायची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी निघते. तेव्हा मोडीत काढायची ती परिकल्पना, लस नव्हे.

गंमत म्हणजे हा हिशेब करायची रीत हाफकिन यांच्या हाती नव्हती. कार्ल पिअर्सन यांची काय-वर्ग चाचणी १९०० सालची. योगायोगाची शक्यता शंभरात पाचाहून कमी हवी, ही सीमारेषा रूढ झाली ती रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकाने, आणि फिशर काम करत होते इंग्लंडातल्या रोथमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात. गव्हाच्या वाफ्यांवर घडलेली ही विद्या पुढे दवाखान्यात गेली. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत क्षयाच्या कोणत्या रोग्याला औषध द्यायचं, हे बंद लिफाफ्यांतल्या, नशिबाने ठरलेल्या चिठ्ठ्यांवर सोडलं होतं. सहा महिन्यांत औषधवाल्या ५५ पैकी ४ गेले, नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४. उंडेऱ्यात नसलेली चिठ्ठी इथे होती. धडधाकट तेवढे निवडले, असं म्हणायला जागा उरली नाही.

पुढच्या हंगामात त्या शेतकऱ्याने चिठ्ठ्या टाकून चार तासं बिनऔषधाची ठेवली. बायकोने त्याला वेड्यात काढलं. आठवडाभराने फोन आला : "सर, या खेपेला दोन्हीकडं सारखाच मावा हाय." औषधाचे पैसे गेले, पण कशात गेले ते कळलं. तुम्हीही कुणी "घेतलं आणि गुण आला" म्हणालं, तर एवढंच विचारा : न घेणाऱ्यांचं काय झालं?