गवत, कावळा आणि घर : मोबाइल गेमच्या चित्रांचा इतिहास

तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर मोबाइल गेमवर काय बोलणार, असं आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक भांडण झालं आणि त्या भांडणानं आम्हाला या विषयात ओढलं.

भांडण दोन नातवांचं. एक आमचा, पुण्यात राहणारा, हातात नवा कोरा फोन. दुसरा आमच्या धाकट्या बहिणीचा, बार्शीजवळच्या गावाहून आलेला, हातात वडिलांनी वापरून दिलेला पाच-सहा वर्षांचा फोन. दोघं एकाच सोफ्यावर बसून एकमेकांविरुद्ध एकच गेम खेळत होते. आमचा नातू उंच गवतात आडवा पडून लपला. दुसऱ्यानं त्याला लांबूनच टिपलं. "मी दिसलोच कसा तुला? मी गवतात होतो!" "कसलं गवत? इथं नुसती माती आहे." आम्ही चष्मा लावून दोन्ही फोन शेजारी-शेजारी धरले. दोघंही खरं बोलत होते! नव्या फोनवर गवत डुलत होतं, जुन्या फोनवर ते नव्हतंच. पुढच्या डावात दोघांची समोरासमोर गाठ पडली. तेव्हा जुना फोन अडखळला, चित्र थांबत-थांबत सरकायला लागलं आणि बार्शीकर हरला. मग दोघंही आमच्याकडे वळले : "आबा, तुम्हीच सांगा, फसवलं कुणी कुणाला?"

आता हा प्रश्न न्यायाचा आहे, आणि त्याआधी तो वस्तूच्या ओळखीचा आहे. हे दोघं एकच खेळ खेळत होते का? आपल्याकडे वेदान्तात लक्षणांचे दोन प्रकार सांगतात, स्वरूपलक्षण आणि तटस्थलक्षण. दृष्टान्त सोपा आहे. देवदत्ताचं घर कोणतं? तर ज्यावर कावळा बसलाय ते. कावळा ओळख पटवायला उपयोगी पडतो, पण तो घराचा भाग नाही. तो उडाला तरी घर आहे तिथंच राहतं. मोबाइल गेमचा इतिहास वाचताना आम्हाला हाच कावळा पुन्हा पुन्हा दिसला. कमी ताकदीच्या फोनवर गेम चालवायची तर काहीतरी काढावं लागतं. काय काढलं तर फक्त कावळा उडतो, आणि काय काढलं तर भिंत पडते?

सुरुवात सापापासून करू. १९९७ साली नोकिया ६११० या फोनमध्ये साप आला. तो तानेली अरमान्तो या फिनलंडच्या अभियंत्यानं लिहिला होता. पुढच्या वर्षीच्या नोकिया ५११० वरही तो होता. तुमच्यापैकी अनेकांनी एस.टी. स्टँडवर बसून तो खेळला असेल. त्या ५११० चा पडदा होता ८४ बाय ४८ ठिपक्यांचा, म्हणजे सगळे मिळून ४०३२ ठिपके. रंग नाही, सावली नाही. काढून टाकण्यासारखं त्यात काही नव्हतंच. सगळं घरच होतं, कावळा बसायला जागाच नव्हती.

२००० नंतर जावाचे गेम आले. एकदा लिहा, कुठेही चालवा, असं जावाचं वचन होतं. प्रत्यक्षात कुणाचा पडदा १२८ बाय १२८, कुणाचा १७६ बाय २०८, कुणाचा २४० बाय ३२०. काही फोनवर अख्खा गेम ६४ किलोबाइटमध्ये बसवावा लागे. आज तुम्ही सकाळी पाठवता त्या सुप्रभातच्या चित्रालाही सहसा याहून जास्त जागा लागते! मग एकाच गेमच्या वेगवेगळ्या फोनसाठी ढीगभर आवृत्त्या बनू लागल्या. या कामाला धंद्यात पोर्टिंग म्हणत. १९९९ साली सुरू झालेली मुंबईची इंडियागेम्स ही कंपनी याच काळात मोबाइल गेममध्ये पुढे आली.

त्या काळात एक गोष्ट लोक ठेचा खाऊन शिकले. खेळाचा वेग जर चित्र काढण्याच्या वेगाला बांधला, तर जास्त वेगवान फोनवर शत्रू भरधाव पळतो आणि संथ फोनवर रेंगाळतो. म्हणून खेळाचं घड्याळ आणि चित्राचं घड्याळ वेगळं ठेवायचं. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं उमटोत की २०, गाडी एका सेकंदात तेवढंच अंतर कापेल. म्हणजे वेळ हा घराचा भाग ठरला आणि चित्रांची संख्या हा कावळा. निदान तेव्हा तसं वाटलं.

मग २००७ साली आयफोन आला, २००८ साली त्याचं ॲप स्टोअर. पहिल्या आयफोनचा पडदा ३२० बाय ४८० होता. २०१० चा आयफोन ४ आला ६४० बाय ९६० घेऊन. ठिपके थेट चौपट. पण चित्रं काढणारी चिप मागच्याच, ३जीएस या फोनमधली होती. विचार करा, वाढपी तेवढेच आणि पंगत चौपट! परिणाम असा, की भारी चित्रांचे काही गेम नव्या फोनच्या पूर्ण पडद्यावर चालवायचे तर ते जुन्यापेक्षा संथ चालत. नवं म्हणजे वेगवान, हा आपला समज तिथं खोटा ठरला. उपाय काय काढला? मैदान कमी ठिपक्यांत रंगवायचं आणि ताणून पडद्यावर बसवायचं, अक्षरं आणि बटणं मात्र रेखीव ठेवायची. आजही हा उपाय रोज वापरतात.

इथं थोडं गणित लागेल. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला मिळतात १६.७ मिलिसेकंद. ३० चालणार असतील तर ३३.३. तेवढ्यात डोंगर, झाडं, माणसं, सावल्या सगळं रंगवून व्हायला हवं. शिवाय फोनला पंखा नसतो. काही मिनिटं खेळलं की फोन तापतो आणि तापला की तो स्वतःच आपला वेग उतरवतो. म्हणून जाणते अभियंते म्हणतात, कधी ६० कधी २० असं हेलकावण्यापेक्षा सलग ३० बरे.

काटकसरीच्या युक्त्या मोबाइलपेक्षा जुन्या आहेत. लांबच्या वस्तूचा साधा, कमी कंगोऱ्यांचा नमुना वापरावा, हे जेम्स क्लार्क यांनी १९७६ मध्ये मांडलं. एकाच चित्राच्या लहान-लहान प्रती आधीच करून ठेवाव्यात आणि अंतराप्रमाणे योग्य ती वापरावी, हे लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये. त्याला मिपमॅप म्हणतात. मिप ही तीन अक्षरं थोडक्यात पुष्कळ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आली. मोबाइलच्या चिपांनी आणखी एक रीत धरली. पडद्याचे छोटे चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन चिपच्या आतल्या आत रंगवायचा. कारण बाहेरच्या मेमरीकडे सारखे हेलपाटे घालण्यात बॅटरी जाते.

आता या इतिहासातलं वळण पाहू. साप आपण एकट्यानं खेळत होतो. एकट्याच्या खेळात सावली काढली, गवत काढलं, तर फार तर मौज कमी होते. अन्याय कुणावर होत नाही. पण २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०१७ मध्ये फ्री फायर आला, २०१८ मध्ये पबजी मोबाइल. आता वेगवेगळ्या पिढ्यांचे फोन एकाच मैदानात, एकमेकांसमोर उभे राहिले. आणि कालपर्यंत जो कावळा होता, तो भिंत झाला. गवत शोभेचं असेल तर ते कावळा, पण त्यात लपता येत असेल तर तो नियम आहे. नियम एकाला लागू आणि दुसऱ्याला नाही, असं चालत नाही. चित्रांच्या संख्येचंही तेच. समोरच्याला सेकंदाला ६० वेळा दिसतं आणि मला २०, तर घड्याळ सारखं असूनही मला उशिरा कळतं.

यावर दोन प्रकारची उत्तरं निघाली. पहिलं, घरच लहान बांधा. फ्री फायरनं शंभरऐवजी ५० खेळाडू आणि लहान मैदान ठेवलं, म्हणून तो साध्या फोनवरही चालला. पबजी मोबाइलनं २०१९ मध्ये भारतात ६० खेळाडूंची लाइट आवृत्ती आणली. दुसरं उत्तर, घर तेच ठेवा पण निवडून काढा. सावल्या, पाण्यातली प्रतिबिंबं, दूरचे डोंगर कमी करा. लपायची झुडपं मात्र सगळ्यांना सारखी दाखवा. काही गेममध्ये लांबून पाहणाऱ्याला गवत रंगवून दाखवत नाहीत, त्याऐवजी आडवा पडलेला माणूस जमिनीत थोडा रुतलेला दाखवतात, म्हणजे झाकायचं काम तरी होतं.

पण अडखळण्याचं काय? त्याचं मूळ एका निर्णयात आहे : सगळ्यात साधा फोन कोणता धरून गेम बनवायचा आणि तपासायचा? हा निर्णय तांत्रिक दिसतो, पण तो कुणाला खेळात घ्यायचं याचा निर्णय आहे. जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या ग्रंथात म्हटलं, की विषमता ठेवायचीच असेल तर ती सगळ्यात मागे असलेल्याच्या हिताची असली पाहिजे. आपल्याकडे फोन वडिलांकडून मुलाकडे, दादाकडून धाकटीकडे जातो. मागे असलेला कोण, हे आपल्याला घरातच दिसतं. गेम बनवणाऱ्याच्या टेबलावर त्या धाकटीचा फोन असतो का, एवढंच आम्हाला विचारायचं आहे.

बार्शीकरानं काय केलं ते सांगतो आणि थांबतो. त्यानं आमच्या नातवाला सांगितलं, तूही सगळी सेटिंग खाली आण. दोघांकडचं गवत गेलं. जुना फोन मधूनमधून अडखळत राहिला, तो उपाय काही त्या पोरांच्या हातात नव्हता. पण लपायला आता दोघांनाही सारखीच जागा होती, आणि जेवायला तीन हाका मारल्या तरी कुणी उठलं नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ या. गेम बनवणारं कुणी इथं असेल तर त्यांनी आधी विचारावं.