शिकागोची समुदाय-क्षेत्रे

अमेरिकेतील शिकागो शहराचे सामाजिक संशोधनासाठी पाडलेले, कायम सीमांचे भाग. शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञांनी 1920च्या दशकात ही विभागणी केली. मूळची 75 क्षेत्रे आता 77 झाली आहेत. वाढत्या महानगराच्या अभ्यासासाठी केलेल्या विभागणीचे हे सर्वांत दीर्घकाळ टिकलेल्या उदाहरणांपैकी एक आहे.

पार्श्वभूमी : 1840मध्ये शिकागोची लोकसंख्या साडेचार हजारांच्या आसपास होती; 1890मध्ये ती दहा लाखांवर आणि 1930मध्ये तेहतीस लाखांवर गेली. जर्मन, आयरिश, पोलिश, इटालियन स्थलांतरित आणि दक्षिणेकडील राज्यांतून आलेले कृष्णवर्णीय यांच्या वस्त्या झपाट्याने बदलत होत्या. हा बदल मोजायला निवडणुकीचे प्रभाग कुचकामी ठरत. कारण राजकीय सोयीने त्यांच्या सीमा पुन्हापुन्हा बदलत आणि दोन काळांतील आकड्यांची तुलनाच होऊ शकत नसे.

पद्धत : या विद्यापीठातील रॉबर्ट पार्क आणि अर्नेस्ट बर्जेस यांच्या मते नदी, लोहमार्ग, उद्याने व कारखान्यांचे पट्टे शहराला आपोआप विभागतात. या भौतिक सीमांना वस्तीचा इतिहास, रहिवाशांत रूढ असलेली नावे आणि स्थानिक व्यापारपेठा यांची जोड देण्यात आली. विव्हियन पामर यांच्या देखरेखीखाली रहिवाशांच्या मुलाखती घेऊन वस्त्यांचे इतिहास नोंदवले गेले. न्यूयॉर्कसाठी वॉल्टर लेडलॉ यांनी 1906मध्ये सुचवलेले जनगणनेचे लहान भौगोलिक गट 1910च्या जनगणनेत आठ मोठ्या शहरांत वापरले गेले होते. शिकागोत अशाच गटांची बेरीज करून समुदाय-क्षेत्रे आखल्यामुळे जनगणनेची माहिती थेट वापरता आली.

बर्जेस यांनी 1925मध्ये मांडलेली पाच समकेंद्री वलये ही यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. शहर केंद्राकडून बाहेर कसे पसरते, याचा तो सिद्धान्त होता. समुदाय-क्षेत्रे ही निरीक्षणाची एकके होत.

उपयोग : 1938पासून ‘लोकल कम्युनिटी फॅक्ट बुक’ या ग्रंथमालेत क्षेत्रवार माहिती प्रसिद्ध होऊ लागली. पुढे महापालिकेने नियोजन व आरोग्यविषयक आकडेवारीसाठीही हीच क्षेत्रे स्वीकारली. भूभाग कायम ठेवून तुलना केल्याने काय साधते, हे क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांच्या बालगुन्हेगारीच्या अभ्यासांत दिसते. काही भागांत एक वांशिक समूह जाऊन दुसरा आला, तरी गुन्हेगारीचे प्रमाण चढेच राहिले. त्यामुळे तेथे राहणाऱ्यांच्या वंशाला दोष देणारे स्पष्टीकरण टिकेना आणि वस्तीच्या परिस्थितीकडे लक्ष वेधले गेले.

बदल व मर्यादा : ओहेअर विमानतळाचा परिसर 1950च्या दशकात 76वे क्षेत्र झाला, तर 1980मध्ये अपटाउनपासून वेगळे होऊन एजवॉटर 77वे ठरले. मधल्या काळात महामार्ग झाले, वस्त्या पालटल्या. म्हणून काही ठिकाणी नकाशावरील क्षेत्र आणि रहिवाशांच्या मनातील परिसर जुळत नाहीत. क्षेत्राची सरासरी त्यातील प्रत्येकाला लागू होत नाही, हेही भान हवे. समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढण्यातला हा तर्कदोष डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी 1950मध्ये आकडेवारीने दाखवून दिला.

या मर्यादा धरूनही शिकागोचा अनुभव मोलाचा आहे. त्यातून मिळणारा धडा असा : सीमा निवडणुकांच्या गरजांपासून अलिप्त असाव्यात, एकके लहान व बेरीज करण्याजोगी असावीत आणि नवा भाग जोडताना जुन्या सीमा शक्यतो मोडू नयेत. ही शिस्त पाळली, तरच शहरातील कोणत्या वस्तीला काय मिळाले आणि कोणती मागे राहिली, हे पिढ्यान्‌पिढ्या तपासता येते.