ऑफिसच्या फोनमध्ये शिरलेलं सिम

भिलाईच्या दक्षिणेला उतई आहे. १९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि या पट्ट्यात टेलिफोनची गरज एकदम वाढली. कारखान्यानं स्वतःचं एक्स्चेंज उभारलं. बाहेरच्या राइस मिलला, फॅब्रिकेशनच्या शेडला, दवाखान्याला मात्र सरकारी तारेची वाट पाहावी लागे. गाव एक्स्चेंजपासून जितकं लांब, तितकं तांबं जास्त ओढायचं आणि पावसाळ्यात लाइन बंद पडण्याचा धोकाही तितकाच जास्त. ऑफिसच्या आतल्या एक्स्चेंजला, म्हणजे इपीएबीएक्सला, सिम जोडणाऱ्या डब्याचं मोल अशा ठिकाणी कळतं. दुकानात त्याला जीएसएम गेटवे किंवा एफसीटी म्हणतात.

या डब्याचं एक कुळ ऑफिसातलं. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. तिथल्या इंजिनिअरांनी १२८ पोर्टचं एक्स्चेंज भारतीय उन्हाधुळीत, एअरकंडिशनरशिवाय चालेल असं घडवलं आणि त्याचं तंत्र देशातल्या अनेक कारखानदारांना दिलं. दोरीचे प्लग खुपसणारी ऑपरेटर जाऊन तिच्या जागी भिंतीवरची पेटी आली ती याच काळात. आत इंटरकॉम, आणि शून्य दाबलं की बाहेरची लाइन. पुढे वडोदऱ्याच्या मॅट्रिक्ससारख्या कंपन्यांनी याच पेटीत सिमचं कार्डही बसवलं.

दुसरं कुळ अमेरिकेतलं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. साधा फोन उचलला की टोन येतो, माणूस आकडे दाबतो, आणि एक्स्चेंज ते एकेक करून गिळत जातं. मोबाइलचं तसं नाही. आधी पूर्ण नंबर लिहायचा, मग ‘सेंड’चं बटण. आता साध्या फोनवर ते बटण आणायचं कुठून? नंबर संपला हे यंत्रानं ओळखायचं कसं? १९८७ साली वेस्ट आदी संशोधकांना जे पेटंट मिळालं, त्याचा गाभा या प्रश्नाचं उत्तर होता. सुरुवातीच्या आकड्यांवरून नंबर किती लांबीचा असेल ते ताडायचं. ताडता आलं नाही तर शेवटच्या आकड्यानंतर काही सेकंद थांबायचं, आणि मग यंत्रानं स्वतःच ‘सेंड’ पाठवायचं. टेल्युलर कंपनीनं पुढे याच पेटंटच्या बळावर धंदा केला. जुन्या टेलिफोनला मोबाइलशी जोडणारं पहिलं खरं पाऊल मी यालाच मानतो. सिम, जीएसएम, अँटेना हे सगळं नंतर त्यावर चढत गेलं.

डबा हाताळलेल्या माणसाला ती थांबण्याची सेकंदं ओळखीची असतात. रिसीव्हर उचला, टोन येतो, दहा आकडे दाबा, आणि मग शांतता. फोन लागला की नाही, कळत नाही. जाणकार शेवटी हॅश दाबतो. थांबणं संपतं आणि कॉल लगेच सुटतो. तो टोनसुद्धा डब्यातच तयार होतो. मोबाइलच्या जाळ्यात डायल टोन नाहीच. तारेवरचे ४८ व्होल्ट, घंटी वाजवणारा दाब, सगळं डबा स्वतः पुरवतो, म्हणजे इपीएबीएक्सला वाटतं की पलीकडे नेहमीचीच लाइन आहे. पलीकडच्यानं फोन उचलताच तारेवरची ध्रुवता उलटवण्याचं कामही चांगला डबा करतो. एसटीडी बूथ चालवलेल्यांना हे ‘रिव्हर्सल’ चांगलं माहीत आहे. ते नसलं की घंटी वाजत असतानाच मीटर फिरू लागे आणि भांडण होई.

भारतात ही गरज भडकली ती दरांमुळे. ३१ जुलै १९९५ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, पण पुढे कित्येक वर्षं फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. १ मे २००३पासून इनकमिंग मोफत झालं आणि मोबाइल ड्रायव्हर, फिटर, सेल्समन यांच्या खिशात गेला. कंपन्यांनी स्टाफला एकाच गटाची सिम दिली. आपसातलं बोलणं फुकट किंवा जवळपास फुकट. टेबलावरच्या लँडलाइनवरून त्याच माणसाला फोन केला तर मात्र पैसे. मग टेबलालाच त्या गटाचं सिम देण्याची कल्पना सुचणं स्वाभाविक होतं. इपीएबीएक्सला शिकवायचं फक्त एवढंच: नंबर ९ने सुरू झाला तर सिमकडे, २ने सुरू झाला तर तारेकडे. पुढे मोबाइल नंबर ८, ७ आणि ६नेही सुरू होऊ लागले, आणि हा तक्ता परत परत बदलावा लागला. ज्यांनी बदलला नाही, त्यांचे कॉल महागड्या वाटेनं जात राहिले. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा लागतो. सिमच्या वाटेला तो लागत नाही. तेव्हा बऱ्याच पेट्यांचं प्रोग्रामिंग पुन्हा करावं लागलं.

गैरवापरही झाला. परदेशी कॉल इंटरनेटवरून आणून डझनावारी सिममधून स्थानिक म्हणून सोडणारे सिम-बॉक्स पोलीस अजून पकडतात. तो गुन्हा आहे. आपल्या ऑफिसचे स्वतःचे कॉल आपल्या नावावरच्या सिममधून करणं ही पूर्ण वेगळी गोष्ट, आणि दोन्हींत गल्लत होऊ नये.

उतईकडे किंवा कुठेही, आता असा डबा घेणाऱ्यानं दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा: हा फोर-जी व्होल्टीवर चालतो का? स्वस्तात मिळणारे जुने डबे टू-जीचे असतात. जिओचं टू-जी जाळं मुळातच नाही, त्यामुळे तिचं सिम त्यांत चालत नाही. सिम फर्मच्या नावावर घ्या, कर्मचाऱ्याच्या नाही. आणि अँटेना वायर लांबवून पेटीपासून दूर, खिडकीजवळ लावा, नाहीतर टू-जीचा टर्रर्र आवाज प्रत्येक एक्स्टेन्शनवर ऐकू येतो.