दुनळी बंदुकीतील फेरफार आणि तिचे मोल

उत्तम प्रतीची दुनळी छऱ्यांची बंदूक ही मापाने शिवलेल्या अंगरख्यासारखी असते. लंडनच्या बॉस (स्थापना १८१२), पर्डी (१८१४), हॉलंड अँड हॉलंड (१८३५) किंवा मूळच्या बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स (१८१२) या पेढ्यांकडे बंदूक मागवणाऱ्याची अंगयष्टी, हाताची लांबी आणि नेम धरताना डोळा कोठे येतो हे पाहून दस्त्याचे माप ठरविले जाते. नळ्या, कळयंत्र, दस्ता आणि कोरीवकाम या प्रत्येकाचा कारागीर वेगळा. अशी बंदूक तीन-चार पिढ्या सहज टिकते. तिचा धनी मात्र टिकत नाही. ती वारसाकडे जाते, त्याच्याकडून लिलावात आणि तेथून तिसऱ्याच माणसाच्या हाती. त्याचा हात लांब असतो, मान आखूड असते किंवा त्याला उडत्या पक्ष्याऐवजी मातीच्या चकत्यांवर नेमबाजी करायची असते. बंदुकीत थोडा बदल करून घ्यावा असे त्याला वाटू लागते आणि मोलाचा प्रश्न तेथेच उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर बदल कोणता, कोणी केला, केव्हा केला आणि तो मागे घेता येतो का, यावर अवलंबून आहे. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा.

दस्त्यापासून सुरुवात करावी, कारण तेथे मालकाला सर्वाधिक मोकळीक आहे. अक्रोडाच्या लाकडाला तापविलेल्या तेलाची किंवा दिव्याची ऊब देऊन दस्ता थोडा खाली, वर वा बाजूला वाकविता येतो. काम जाणत्याने केले आणि मुठीपाशी चीर गेली नाही, तर खरेदीदार त्याकडे दोष म्हणून पाहत नाही. ब्रिटिश बंदुकीच्या दस्त्याची लांबी चापापासून साधारण साडेचौदा ते पंधरा इंच असते. ती कमी पडली तर मागे लाकडाचा तुकडा जोडतात. लाकडाचा रंग आणि रेषा जुळल्या तर जोड सहसा डोळ्यांत भरत नाही. उलट दस्ता कापून आखूड केला की गेलेले लाकूड परत येत नाही. पुढचा मालक उंच असेल तर त्याला पुन्हा जोड द्यावा लागतो. कापण्यापेक्षा जोडणे बरे, असे या व्यवसायातील माणसे म्हणतात ते यामुळेच. मुठीवरची झिजलेली जाळीदार नक्षी पुन्हा काढणे किंवा जवसाच्या तेलाचे लेप देणे ही कामे देखभालीत मोडतात. मात्र त्याच लाकडावर चकचकीत प्लास्टिकसारखे वॉर्निश चढविले, तर जाणकार गिऱ्हाईक बंदूक तेथेच खाली ठेवतो.

नळ्यांची गोष्ट निराळी आहे. बंदुकीच्या किमतीचा मोठा हिस्सा नळ्यांत असतो आणि तेथे झालेली चूक बहुधा कायमची ठरते. सर्वांत घातक बदल म्हणजे नळ्या कापणे. रॉबर्ट चर्चिल या लंडनच्या बंदूककाराने १९२० च्या दशकात २५ इंची नळ्यांचा जोरदार पुरस्कार केला. त्याच्या बंदुका त्याच मापासाठी घडविलेल्या होत्या, हे विसरून ३० इंची नळ्या कापून घेणारेही निघाले. नळीच्या तोंडाशी, शेवटच्या दोन-तीन इंचांत, छरे एकवटणारा किंचित अरुंद भाग असतो. त्यालाच चोक म्हणतात. पूर्ण चोक म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात सुमारे ४० भागांची अरुंदी. नळी कापली की चोक गेला आणि बंदुकीचा तोलही बिघडला. असा बदल लपविणे कठीण असते. शेजारी-शेजारी नळ्यांच्या बंदुकीत दोन्ही नळ्या सामान्यतः तोंडाशी एकमेकींना टेकतात. कापलेल्या नळ्यांत तेथे फट दिसते आणि ती बुजविण्यासाठी डाख भरलेला असतो. शिवाय पर्डी किंवा हॉलंड यांच्या जुन्या नोंदवह्यांत प्रत्येक क्रमांकाच्या बंदुकीची मूळ माहिती सापडते. संशय आलेला गिऱ्हाईक तेथे चौकशी करतो.

ब्रिटनमध्ये या विषयाला कायद्याची बाजूही आहे. लंडन आणि बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहांत जादा दाबाचे बार काढून प्रत्येक नळी पारखली जाते आणि तिच्यावर शिक्के उमटविले जातात. १८६८ च्या कायद्यानुसार चाचणी न झालेली किंवा चाचणीबाह्य ठरलेली बंदूक विकणे हा गुन्हा आहे. नळीतले खड्डे घासून काढले, आतला व्यास मर्यादेपलीकडे वाढला की बंदूक चाचणीबाह्य होते. अडीच इंची काडतुसासाठी केलेला कोठा पावणेतीन इंची काडतुसासाठी वाढविला तरी पुन्हा चाचणी द्यावी लागते. साडेसहा पौंडांच्या हलक्या बंदुकीत कोठ्यापुढची भिंत आधीच पातळ असते, ती आणखी पातळ होते. चाचणीत नळी फुगली, तर मालकाच्या हाती उरते ते भंगार. नळीची भिंत कोठेही इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात २० भागांहून पातळ असेल, तर ब्रिटिश बाजारात खरेदीदार दबकतो. म्हणूनच लिलावाच्या सूचीत भिंतीच्या जाडीचे आकडे आवर्जून दिलेले असतात.

नळ्या पार कामातून गेल्या असतील तर दोन मार्ग उरतात. पहिला, मूळ कंपनीकडूनच नव्या नळ्या करून घेणे. खर्च भारी, पण किंमत बरीचशी टिकते. दुसरा, जुन्या नळ्यांचा बुडाचा भाग ठेवून त्यात नव्या नळ्या बसविणे. याला स्लीव्हिंग म्हणतात आणि चाचणीगृह त्या नळ्यांवर तसा शब्दच उमटविते. अशी बंदूक चालायला उत्तम असते आणि वापरणाऱ्याला स्वस्तात मोठ्या नावाची वस्तू मिळते. संग्राहक मात्र तिच्याकडे पाठ फिरवितो. वापराची किंमत आणि संग्रहाची किंमत येथे पूर्णपणे फुटून वेगळ्या होतात.

पृष्ठभागाच्या बाबतीत अटलांटिकच्या दोन काठांवर दोन मते आहेत. ब्रिटनमध्ये बंदूक ही मोसमागून मोसम चालणारी वस्तू. मोसम संपला की ती कारागिराकडे तेलपाण्याला जाते आणि नळ्यांना पुन्हा काळा रंग देणे तेथे गैर मानत नाहीत. फक्त तो संथ गंजविण्याच्या जुन्या पद्धतीनेच द्यायचा. उकळत्या क्षारद्रवात बुडवून रंग दिला, तर दोन नळ्या आणि मधली पट्टी यांना जोडणारा डाख खाल्ला जातो आणि पट्टी सुटते. स्वस्त रंगकामाचे हे महाग फळ आहे. अमेरिकेत मात्र कनेटिकटमधील मेरिडनच्या पार्कर ब्रदर्सच्या बंदुकांचे संग्राहक मूळ रंगाचा अंश न् अंश मोजतात. हाडे आणि कोळसा यांत पोलाद तापवून, पाण्यात बुडवून त्यावर उमटविलेल्या निळ्या-तपकिरी छटा हा तेथे जिवाभावाचा विषय असतो. त्या छटा नव्याने चढविल्या तर बंदूक देखणी दिसते आणि किंमत उतरते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे साध्या दर्जाच्या पार्करवर नंतर भारी कोरीवकाम करून ती उच्च दर्जाची भासविणे. हे फेरफार नसून फसवणूक होय. विनचेस्टरच्या मॉडेल १२ या एकनळी पंप बंदुकीलाही हौशी सुधारणांचा फटका बसला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिच्या तोंडाला ‘कट्स कॉम्पेन्सेटर’ नावाचे जाड नळकांडे बसवून घेण्याची टूम निघाली होती. त्या काळी ती सुधारणा होती, आज तीच किंमत पाडते.

सगळे जुने फेरफार मात्र वाईट नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ठासणीच्या बंदुका मागे पडून काडतुसाच्या बंदुका आल्या, तेव्हा अनेक श्रीमंत शिकाऱ्यांनी आपल्या आवडत्या ठासणीच्या बंदुका नामांकित कारागिरांकडून बदलून घेतल्या. पुढे पिनचे काडतूस जाऊन मध्यभागी ठिणगी घेणारे काडतूस आले, तेव्हा दुसरे रूपांतर झाले. त्या काळातले आणि चांगल्या हातचे काम आज त्या बंदुकीच्या इतिहासाचाच भाग समजले जाते.

गेल्या काही वर्षांत फेरफाराला नवे निमित्त मिळाले आहे. इंग्लंडमध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर १९९९ पासून बंदी आहे आणि २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने शिशाचा दारूगोळा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पोलादी छरे कठीण असल्याने जुन्या, आवळ चोकच्या नळ्यांना इजा होण्याची भीती असते. म्हणून काही जण चोक उघडवून घेत आहेत. बिस्मथचे मऊ छरे महाग पडतात खरे, परंतु शंभर वर्षांच्या नळीला हात लावण्यापेक्षा तो खर्च सोसणे शहाणपणाचे वाटते.

भारतातही संस्थानिकांनी आणि धनिकांनी मागविलेल्या विलायती दुनळ्या अनेक घराण्यांत आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार थांबली आणि त्या कपाटांत गेल्या. येथे किमतीआधी कायदा आडवा येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या सहाव्या कलमानुसार परवान्याविना नळी आखूड करता येत नाही. बंदुकीवरचा क्रमांक किंवा निर्मात्याचे नाव खोडणे हाही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणल्याने अनेक घरांत एखादी बंदूक काढून टाकण्याची वेळ आली. अशा वेळी ‘जरा चकचकीत करून’ विकण्याचा मोह होतो. गंज आणखी वाढू नये म्हणून तेलाचा हात फिरवावा, पण घासकाम, पॉलिश आणि नवा रंग टाळावा. मूळ पेटी, काडतुसांच्या थैल्या, खरेदीची जुनी पावती आणि कंपनीची पत्रे असतील तर ती बंदुकीसोबतच ठेवावीत. जोडीने घडविलेल्या, १ आणि २ असे क्रमांक असलेल्या बंदुका वेगळ्या करू नयेत, कारण जोडीची किंमत दोन सुट्या बंदुकांच्या बेरजेहून अधिक येते. त्यांतील एकीचाच दस्ता कापलेला असेल, तर ती बेरीजही हाती लागत नाही.